झाकण हळूच उघडावं

६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच बरं. प्रत्यक्षात गुडघा कुरकुरतो.)

हे पत्र पोचेपर्यंत तुझ्या दारात बहुधा एक मोठं खोकं येऊन बसलेलं असेल. परत पाठवू नकोस. आत मातीची भट्टी आहे, तिला कामाडो म्हणतात. जाड सिरॅमिकचं अंड्यासारखं पोट, वर बिजागरीचं झाकण, खाली हवा आत घेणारी खिडकी आणि वर ती बाहेर सोडणारी टोपी. पोटात लाकडी कोळसा पेटवायचा आणि झाकण लावून आत पदार्थ भाजायचे. मी दिवसभर वॉशबेसिनं भाजणाऱ्या भट्टीपाशी उभी असते, तेव्हा माती आणि आच यांतलं मला चार आणे तरी कळतं असं समज.

का पाठवली तेही सांगते. गेल्या वर्षीच्या तापात तुझं नाक गेलं, वास येईनासा झाला. परत येईल की नाही यावर डॉक्टरांनी खांदे उडवले. मग एकदा दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला तरी तू शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतास. आणि आता गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं, ते विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाने दारातूनच वासावरून ओळखलं. हे आईच्या कानावर गेलं आहे. तुझं घर बंद करून तुला इकडे आणायचं असं तिने ठरवलं आहे. माझी खोली तुला द्यायचंही ठरलं आहे. मला विचारलेलं नाही, आणि तुलाही विचारणार नाही. मार्चच्या मध्याला ती स्वतः येणार आहे. तिचं म्हणणं खोटं नाही, हीच पंचाईत आहे. नाहीतर भांडले असते.

भट्टी अंगणात राहते आणि तिला गॅस लागत नाही. शिवाय जन्मभर जहाजावर खलाशांना जेवू घातलेला माणूस आता चहाबिस्किटांवर दिवस काढतो, हे मला बघवत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वजन मात्र वाढव.
तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खोकं आलं. चार हमालांनी ते अंगणात जिथे टेकवलं तीच त्याची जागा ठरली, कारण नंतर ते मला तसूभरही हललं नाही. हिरवा रंग, सुटलेलं पोट, खाली आखूड पायांची लोखंडी घडवंची. मी त्याचं नाव ढेरपोट्या ठेवलं आहे.

शेजारच्या टेलरबाईंनी मधल्या भिंतीवरून सगळं पाहिलं. भिंत छातीइतकीच आहे. यात कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोंबडी. मग ठीक आहे, म्हणाल्या आणि आत गेल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात आमचं एवढं लांब बोलणं पहिल्यांदाच झालं.

बिस्किटांबद्दल लिहिलंस म्हणून सांगतो. वास गेला की चवही जाते, हे लोकांना सांगून पटत नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढंच उरतं. डोळे मिटून खाल्लं तर कांदा आणि सफरचंद सारखंच लागतं. जेवण म्हणजे हजेरी लावणं झालं आहे. तक्रार करत नाही, माहिती देतो.

ताईला सांग, ती येईल तेव्हा अख्खी कोंबडी भाजून तिच्या पानात वाढीन. त्यापायी नाकी नऊ आले तरी हरकत नाही, तिथे सध्या जागाच जागा आहे. सोबतची पुस्तिका मी वाचलेली नाही. डोलणाऱ्या भटारखान्यात उकळती कढई सांभाळलेल्या माणसाला एक स्थिर मडकं काय जड जाणार?

लोभ असू दे, उपदेश नको.
मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शेवटच्या ओळीनंतरही उपदेश करणं भाग आहे. तू पुस्तिका वाचणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून तीच माझ्या अक्षरात पाठवते.

पहिली आग अगदी मवाळ हवी. कोळसा थोडा घाल आणि रॉकेल मुळीच शिंपडू नकोस. ही माती सगळं पिते आणि मग महिनोन्‌महिने त्याचाच वास मारते. खालची खिडकी म्हणजे तिचं नाक आणि वरची टोपी म्हणजे तोंड. दोन्ही उघडली की आग फोफावते, मिटत आणली की दमाने घेते. झाकणावर काटा आहे. तो हव्या त्या आकड्याला पोचायच्या बराच आधी हवा कमी करायला लाग. ही माती तापायला आळशी आणि निवायला त्याहून आळशी. एकदा वर चढली की मिनतवाऱ्या करूनही खाली येत नाही, आईच्या रागासारखी. काम झालं की दोन्ही बंद कर. आग आपोआप गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुन्हा कामाला येतो.

झाकण मात्र कधीच एका झटक्यात उघडू नकोस. आतली आग हवेला आसुसलेली असते. दोन बोटं उचल, जरा थांब, तिला श्वास घेऊ दे, मग उघड. आणि झाकणाच्या कडेला लोकरीची जाड पट्टी चिकटवली आहे, ती पहिल्याच खेपेला भडका झाला तर जळते.

इकडे आमच्या एका शहाण्याने घाईने भट्टी निववली आणि अख्खी खेप तडकली. तुकडे गोळा करण्यात आमचा दिवस गेला.

लोभ वाढवायचा असेल तर वरचं दोनदा वाच.
भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल ढेरपोट्या पेटवला. तुझं पत्र खिशात होतं आणि वाचलेलंही होतं. पण हाताला जुनी सवय आहे, आधी आच पूर्ण करायची आणि मग उतरवायची. मी नाक-तोंड दोन्ही सताड उघडं टाकलं. काटा भराभर चढला. मग मी दोन्ही मिटत आणलं, तरी तो चढतच राहिला. शेवटी शेजारीच खुर्ची टाकून तो उतरायची वाट पाहत बसलो. ऊन डोळ्यांवर होतं आणि धूर पाठीमागे जात होता.

इतक्यात टेलरबाई हातात कात्री घेऊनच बाहेर आल्या आणि काहीतरी जळतंय म्हणून ओरडू लागल्या. मी म्हटलं, काही नाही, कोळसा आहे. त्यावर त्या म्हणाल्या की हा कोळसा नाही, ही लोकर आहे, जन्मभर इस्त्री केली आहे मी, मला शिकवू नका. वळून पाहिलं तर झाकणाची पट्टी अर्ध्याहून अधिक जळत गेली होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेलो. त्यांच्या दोरीवर एका गिऱ्हाइकाचा पांढरा कोट वाळत होता, त्याला सगळा वास लागला म्हणे. त्या कोट घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मला वास येत नाही हे मला वर्षभर माहीत होतं. ते डोळ्यांनी काल पाहिलं. घरात असतो तर काय झालं असतं, हा प्रश्न ताई विचारील आणि माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा तिला सांग, येताना सामान बांधायच्या तयारीनेच ये. ढेरपोट्या कोणाला हवा असेल तर विचारून ठेव. उचलायला चार माणसं लागतील.

लोभ आहेच. जास्त लिहीत नाही.
मामा


२७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र टेबलावर राहिलं आणि आईने वाचलं. चूक माझी. ती काही बोलली नाही, थेट तिकीट बदलून आली. आता ती रविवारी, आठ तारखेला, तिथे असेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती गप्प असली की घरातली भांडीसुद्धा आवाज करत नाहीत.

समजूत घालायला लिहीत नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. तुझं नाक गेलं आणि तोंड मिटलं, एवढंच मला वर्षभर दिसतं आहे. तुला वास येत नाही हे त्या टेलरबाईंना ठाऊक तरी आहे का? मला वाटतं तू त्यांना सांगितलेलंच नाहीस. त्यांच्या दृष्टीने तू एक आळशी आणि बेफिकीर म्हातारा आहेस. निदान एवढा गैरसमज दूर करून मग घर सोड.

सोबत नवी लोकरी पट्टी पाठवते आहे. चिकटवायची की पाकिटातच ठेवायची ते तुझं तू ठरव. जुनी खरवडून जागा कोरडी करावी लागते. माझी खोली मी रिकामी करायला घेतली आहे. पुस्तकं काढली, खिळे अजून भिंतीत आहेत.

लोभ कमीजास्त होत नाही, तू कुठेही राहा.
भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

भिंतीपाशी जाऊन माफी मागितली. कोट दोनदा धुतला, वास गेला, असं टेलरबाई खिडकीशी शिवत, मान वर न करता म्हणाल्या. मग मी माझ्या नाकाचं सांगितलं. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं. मग त्या चिडल्या. ही गोष्ट शेजाऱ्याला सांगायची असते, लपवायला हा काय दागिना आहे, असं म्हणाल्या.

तुझी पट्टी पाकिटातच होती. मी ती लावत असताना त्यांनी भिंतीवरून पाहिलं, त्यांना बघवलं नाही, आणि त्या वळसा घालून फाटकातून आत आल्या. टेपने घेर मोजला, सांधा तिरका कापला आणि एकही सुरकुती न पडता पट्टी बसवून दिली. वर सांगितलं की पुढच्या वेळी आग लावाल तेव्हा आधी हाक मारा, मी मशीन दारात आणून बसते.

दुसऱ्या दिवशी मूठमूठ कोळसा घातला, खिडकी बोटभर उघडली आणि हाक मारली. धूर निघाला तेव्हा मी विचारलं, कसा आहे. त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, गोणपाट. थोड्या वेळाने म्हणाल्या, अजून जाडंभरडंच आहे, थांबा. मग, आता मांजरपाट. मी काट्यावर नजर ठेवून हवा कमी करत होतो आणि त्या शिवता शिवता कापडांची नावं सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, मलमल झालं. तेव्हा मी कोंबडी आत ठेवली. धूर तोवर डोळ्यांना जेमतेम दिसत होता. म्हणजे त्यांचं माप बरोबर होतं.

पुढे कोंबडीचा वास सुटला तेव्हाही विचारलं. त्याला त्यांच्याकडे कापड नव्हतं. त्यांनी नुसतं तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं. मला तेवढं पुरलं.

कोंबडीला मीठ कमी होतं. ते त्यांनी सांगितलं आणि मला जिभेवर कळलंही. दोघांचं मत जुळलं. त्यानंतर रोज काही ना काही भाजतो आहे. बटाटे, मासे, एकदा पाव. पाव तळाला लागला, तेही त्यांनी भिंतीपलीकडून मला आधी सांगितलं.

ताई रविवारी येते. तिला काय सांगायचं ते मी ठरवलं आहे, पण ते आधी तिलाच सांगीन.

लोभ ठेव. पट्टी चांगली होती.
मामा


९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. तुझ्यासारखं लांबण लावत नाही, झालं ते लिहिते.

दारातच तुझ्या मामाने सांगितलं की तुझं बरोबर होतं, या घरात मी आणि गॅस एकत्र राहू शकत नाही, म्हणून गॅसला घालवलं. सिलिंडर परत करून आला आहे. चहापुरती विजेची शेगडी घेतली आहे, ती आपली आपण बंद होते. बाकी सगळं अंगणात. भांडायला आलेल्या माणसाचं हत्यार असं उंबऱ्यावरच काढून घेऊ नये. मी पाणी प्यायले आणि खुर्चीवर बसून राहिले.

दुपारी त्याने ती हिरवी भट्टी पेटवली. भिंतीपलीकडून एक बाई शिवता शिवता मध्येच गोणपाट, मध्येच मांजरपाट असं काहीबाही बोलत होती. मला वाटलं गिऱ्हाईक आलं असेल. आत काय चाललंय ते बघावं म्हणून तो पाणी आणायला गेला तेव्हा मी झाकण उचललं. झटक्यात उचललं. तू सांगितलं नव्हतंस, किंवा सांगितलं असशील. फस्सकन ज्वाळ वर आली. त्याने धावत येऊन मला मागे ओढलं, आणि त्या बाईने भिंतीवरून ओलं फडकं नेमकं माझ्या तोंडावर फेकलं. कपाळावरचे केस आणि डावी भुवई गेली. बाकी काही नाही. जळक्या केसांचा वास अंगणभर सुटला. आम्हा दोघींना आला. तो फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि किती जळलं, दुखतंय का, हे पुन्हा पुन्हा विचारत होता. मला रागवायचं होतं, पण चूक माझीच होती.

मग जेवलो, तिघं. कोंबडी, बटाटे, पाव. मला माझ्या भावाच्या हातचं खाऊन किती वर्षं झाली हे आठवेना. तो वाढत होता, मग बसला, पान संपवलं, आणि पुन्हा एकदा स्वतःलाच वाढून घेतलं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ती बाईही पानात बघत होती. मी विचारलं, आता चव लागते का. तो म्हणाला, नाही, पण भूक लागली.

जेवणानंतर तो भट्टीची नाकं-तोंडं मिटत बसला आणि आम्ही दोघी भांडी घासायला गेलो. तुझी आई कशी आहे ते तुला ठाऊक आहे. मी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही माझ्या भावाच्या कोण. त्यांनी ताट धुतलं, उपडं घातलं, हात पुसले आणि म्हणाल्या, नाक.

मी म्हटलं, मग सांभाळा, त्यावर माशी बसलेली खपत नाही त्याला. त्या म्हणाल्या, माहीत आहे, रोज बघते.

उद्या दुपारच्या गाडीने निघते, एकटीच. भुवईबद्दल तिथे कोणी विचारलं तर तू उत्तर देऊ नकोस. लोभ आहेच, तो बोलून दाखवायची आपल्या घरात पद्धत नाही.

आई