सात नंबरच्या टाकीचं झाकण

१ मार्च, दुपारी ३.२०
नवी वही. हेतू: स्वतःला शिस्त लावणे. वाचणारा मी एकटाच, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं. मी तेलसाठ्याच्या यार्डात तपासनीस. अकरा टाक्या. ऊन लागलं की आतल्या तेलातून वाफा निघतात. त्या वरच्या झाकणातून निसटू नयेत म्हणून दर महिन्याला शिडीनं वर जायचं, झाकण आणि त्याखालची रबरी पट्टी बघायची, फॉर्मवर 'ठीक' लिहायचं. प्रत्येक शिडीला बेचाळीस पायऱ्या. गेली तीन वर्षं मी ही तपासणी खालून करतो. नाकानं आणि कानानं. अनुभवी माणसाला वर जावं लागत नाही.

उंचीची भीती वगैरे अजिबात नाही. शिडीचं डिझाइनच चुकलंय.

संकल्प: या महिन्यापासून स्वतः वर चढणार. अकराही.

४ मार्च
एक नंबरची टाकी. तीन पायऱ्या चढलो. वारा होता. वाऱ्यात चढू नये असा नियम आहे. उतरलो. फॉर्म भरला. अकराही ठीक.

५ मार्च
नियम शोधून काढला. वादळी वाऱ्यासाठी आहे, आणि वादळी म्हणजे किती याचा आकडाही दिलाय. आकड्यांवर किती विसंबायचं, हा प्रश्नच आहे.

१९ मार्च
हिचा खोकला जात नाही. ही टपाल खात्यात. दुपारची फेरी हिच्याकडे, सायकलवर. फेरीच्या शेवटी चढ, चढावर चाळीसेक घरं. पूर्वी एका दमात चढायची, आता दोनदा उतरून सायकल ढकलावी लागते म्हणाली. मी म्हटलं, स्टॅमिना. श्वासाचं तंत्र चुकतंय. लगेच तक्ता करून दिला: सकाळी वीस दीर्घ श्वास, संध्याकाळी वीस. फ्रिजवर चिकटवला.

म्हणाली, अहो, दीर्घ श्वास घेता येत नाही, हीच तर तक्रार आहे.

माणसं सुरुवात करण्याआधीच हातपाय गाळतात.

२ एप्रिल
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हिला एका नळीत फुंकायला लावलं. काटा जिथे जायला हवा त्याच्या बराच अलीकडे अडकला. तीनदा फुंकलं, तीनदा तिथेच. बाई म्हणाल्या, ओझोन.

मला हसू आवरेना. ओझोन वर आकाशात असतो आणि आपलं रक्षण करतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. बाई म्हणाल्या, वरचा रक्षण करतो, खालचा फुप्फुसं भाजतो. तेल-गॅसच्या ठिकाणांहून निसटलेल्या वाफा आणि गाड्यांचा धूर उन्हात एकत्र शिजला की तो तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही. आभाळ निळंशार असतं, लोक खूश असतात. दुपारी सगळ्यात वाईट. शक्य असेल तर फेरी सकाळची घ्या.

मी सांगितलं, मी याच क्षेत्रात आहे. बाईंवर फारसा परिणाम झाला नाही. तेवढ्यात हिनं विचारलं, म्हणजे यांच्या यार्डातूनसुद्धा? बाई म्हणाल्या, तिथूनसुद्धा. एकट्या तिथूनच नाही, पण तिथूनसुद्धा.

'एकट्या तिथूनच नाही.' हे महत्त्वाचं. खाली रेघ मारतो.

४ एप्रिल
पोस्टमास्तर सकाळची फेरी द्यायला तयार. म्हणजे हिला साडेपाचला घर सोडावं लागणार. मी शांतपणे समजावलं. माझा चहा, माझा डबा, घराची घडी. शिवाय भिऊन वेळ बदलली की मन कमकुवत होतं. तिनं माझा डबा घासून पालथा घातला. मग म्हणाली, बरं, बघू.

समजूतदार आहे.

६ एप्रिल
चढणारच होतो. गुडघा दुखतोय. अकराही ठीक.

२२ एप्रिल
मुख्य ऑफिसातून एक कॅमेरावाली आली. तिशीची असेल, बूट चिखलानं भरलेले. न दिसणाऱ्या वाफा दाखवणारा कॅमेरा. मी म्हटलं, न दिसणारं दाखवतो तो कॅमेरा कसला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि सात नंबरकडे बघा म्हणाली.

बघितलं. टाकीच्या माथ्यावरून काळ्या झुलपांसारखं काहीतरी उठत होतं आणि वाकून शहराच्या दिशेनं चाललं होतं. सतत. कॅमेरा खाली केला तर काही नाही. टाकी, ऊन, निळं आभाळ. परत डोळ्याला लावला. चाललंच होतं.

मी म्हटलं, तापलेली हवा असेल. ती म्हणाली, काका, तापलेली हवा अशी दिसत नाही. झाकणाची पट्टी गेलीय. मग विचारलं, शेवटचं वर कोण गेलं होतं?

मी म्हटलं, फॉर्ममध्ये आहे.

२३ एप्रिल
मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर कॅमेरावालीचा रिपोर्ट आणि शेजारी माझे छत्तीस महिन्यांचे फॉर्म. साहेब म्हणाले, तीन वर्षांत एकदाही गळती नाही, हे रेकॉर्ड आहे. एका दिवसाचा कॅमेरा खरा की तीन वर्षांचा माणूस? मी विनयानं गप्प राहिलो. साहेबांनी पाठ थोपटली.

अक्षर सुवाच्य असण्याचा फायदा.

३० एप्रिल
आज कुणाला न सांगता सात नंबर चढलो. नऊ पायऱ्या. मग खाली बघितलं. ही चूक झाली. हातांनी लोखंड सोडायचं नाकारलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी यार्डातल्या फायरवाल्यानं खालून चढून माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत उतरवलं. पाळीवरचे सगळे बघत होते. मी सांगितलं, सुटकेचा सराव घेत होतो. त्यानं रजिस्टरमध्ये तसं लिहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

पण नऊ. तीनावरून नऊ. प्रगती तिप्पट. मेचा फॉर्म आत्ताच भरून ठेवतो, मागे काम राहायला नको. अकराही ठीक.

१२ मे
चौथा दिवस, पान हलत नाही. आभाळ धुतल्यासारखं. यार्डात लोखंडाला हात लाववत नाही. छान, कोरडी हवा.

१२ मे, संध्याकाळी ६.१०
ही चढावर कोसळली. तिसऱ्या घरापाशी. त्या घरातल्या शिंपीणबाईंनी सावलीत ओढलं, गाडी थांबवली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ओठ निळे होते. शिंपीणबाई सांगत होत्या, शुद्ध जातानाही हिनं टपालाची पिशवी सोडली नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

वॉर्डात खाट नाही. व्हरांड्यात स्टुलावर बसवून तोंडाला मास्क लावला. व्हरांडाभर तसेच लोक. एक बांधकामावरचा गवंडी. एक सात-आठ वर्षांची मुलगी, आईच्या मांडीवर; श्वासागणिक तिच्या गळ्याचा खळगा आत ओढला जात होता. नर्सला विचारलं, साथ आहे का कसली? ती म्हणाली, असं ऊन चार दिवस राहिलं की हे असंच.

१३ मे
हिला खाट मिळाली. बोलवत नाही. मी ठरवलंय. पक्कं. कॅमेरावालीच्या रिपोर्टवरून उद्या शहराचा चौकशी अधिकारी यार्डात येतोय. सगळं सांगणार. तीन वर्षं, बेचाळीस पायऱ्या, सगळं. भाषण मनात तयार आहे. साहेबांना काय वाटायचं ते वाटो.

१४ मे
अधिकारी सभ्य माणूस. पाणी हवं का विचारलं. मग म्हणाले, दर महिन्याला तुम्ही स्वतः वर चढून झाकणं तपासलीत का?

साहेब खिडकीबाहेर बघत होते. कॅमेरावाली माझ्याकडे.

मी म्हटलं, तपासणी ठरल्याप्रमाणे झालेली आहे.

वाक्य चुकीचं नाही. जे ठरलं होतं तसंच झालं. कुणी ठरवलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. सही केली. अधिकारी म्हणाले, म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा दिसतो, परत मोजणी करू, पुढच्या महिन्यात.

कॅमेरावाली बाहेर येऊन म्हणाली, काका, तुमच्या घरी कुणी खोकत नाही का?

मी बसची वेळ झाली म्हटलं.

१६ मे
आज हिनं मास्क बाजूला केला. विचारलं, काय सांगितलंत? मी म्हटलं, खरं सांगितलं.

तिनं मास्क परत लावून दोन श्वास घेतले. मग थांबत थांबत बोलली. मध्ये मध्ये मास्क. म्हणाली, तुमचे हातमोजे मी धुते. तीन वर्षांत एकदा गंज लागलेला नाही. शिडीला हात लावणाऱ्याचे मोजे असे राहतात होय?

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, वाटलं तुम्हाला लाज वाटेल.

समोरच्या खाटेवर ती व्हरांड्यातली मुलगी झोपली होती. हिनं तिच्याकडे हात केला. म्हणाली, माझं राहू द्या. एवढं एक झाकण लावून या.

मी हो म्हटलं. उद्या. देवाशप्पथ उद्या.

१७ मे
शिडीपर्यंत जाऊन आलो. परवा.

२ जून
फेरमोजणीची वाट न बघता कॅमेरावालीच आली, नवी पट्टी खांद्यावर टाकून. कुणाची परवानगी घेतली माहीत नाही. मी शिडी धरून उभा राहिलो, ती सरसर वर गेली. जुनी पट्टी वरून खाली टाकली. हातात घेतली तर बिस्किटासारखी तुटली. वीस मिनिटांत काम संपलं. एवढंच होतं.

उतरल्यावर तिनं घाम पुसला. म्हणाली, बाकीचीही बघायला हवीत, पण मला आज पुढच्या यार्डात जायचंय. तुम्ही बघा. मी मान हलवली.

२ जून, दुपारी ४
हिला घरी आणून चार दिवस झाले. फेरी दुसऱ्या कुणाला दिली, आता ती बसून टपाल निवडण्याचं काम करणार. तेही डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा. घरातल्या घरात स्वयंपाकघरापर्यंत जाते, ओट्याला धरून उभी राहते, परत येते. खिडक्या दुपारी बंद. बाहेर ऊन लख्ख.

सांगितलं, झाकण लागलं. तिचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी. विचारलं, तुम्ही चढलात? मी म्हटलं, हो.

तिनं माझा हात हातात घेतला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग विचारलं, आणि बाकीच्या दहा?

मी म्हटलं, ठीक आहेत.

जूनचा फॉर्म सकाळीच देऊन आलो होतो.