बर्फावरचं स्वयंपाकघर

तू मासे कापलेस. नाही म्हणू नकोस. तुझ्या सुनेने, मधुराने, माझ्या नातीच्या, देवयानीच्या फोनवर व्हिडिओ पाठवला, त्यात तू आणि तुझ्या शेजारची ती बकुळ, दोघी टीव्हीसमोर बसून बर्फावरच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होतात. त्या खेळात बर्फापर्यंत पोचायचं तर आधी होडीवरचं स्वयंपाकघर पार करावं लागतं, आणि होडीवर मासे कापल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. हे मला कोणी सांगायला नको. तू आणि मी त्याच होडीवर दोन वर्षं अडकून होतो. माझ्याबरोबर खेळताना त्या माशाला कधी सुरी लावली नाहीस, आणि नागपूरला गेल्यावर पहिली दिवाळीही आली नाही तोच त्या बाईसाठी कापलास.

प्रिय पद्मे,

आधी पोटातलं बाहेर पडू दे म्हणून वरचं लिहून घेतलं. आता रीतसर. इकडे सगळे बरे आहेत. गुडघे होते तसेच आहेत. गंगेचं पाणी उतरलं, घाटावरचा गाळ काढणं चालू आहे. शिंदे घाटाच्या पायऱ्या अजून चिकट आहेत म्हणून लेक, सुशांत, मला खाली जाऊ देत नाही, आणि मी जाते. तुझ्या वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत. एक मुलगा बघायला आला होता, त्याला म्हटलं छत गळतं. गळत नाही, तुला माहीत आहे. देवयानीची बँकेने लखनौला बदली केली. पुढच्या महिन्यात जाईल. टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा तिच्या पैशाचा, तर बरोबर नेऊ का म्हणून विचारते आहे. मी तिला म्हटलं, थांब, एक पत्र लिहायचं आहे, मग सांगते.

फोन का नाही केला म्हणशील. तुला ऐकू येत नाही म्हणून तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि माझं बोलणं अख्खं नागपूर ऐकतं. मागच्या वेळी मी तुला माझ्या पोटाचं काही सांगत होते, तर मधूनच बकुळ म्हणाली, ओवा घ्या हो मावशी. मी तिची मावशी कधीपासून? आणि ओवा मला ठाऊक नाही? म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. चौथीपर्यंत गेले, त्यातही अर्धा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या बाहेर उभी असायचे.

व्हिडिओचं अजून संपलं नाही. मी देवयानीला तो परत परत लावायला लावला. सोफा चांगला आहे. तुझी पाठ टेकलेली दिसते, इथे सतरंजीवर बसून कुरकुरायचीस. बकुळबाईंनी जांभळा स्वेटर घातला आहे, नागपुरात, ऐन आश्विनात. चष्म्याला साखळी लावली आहे, म्हशीला लावतात तशी. शाळेत शिकवायच्या म्हणे. दिसतंच ते, रिमोट खडूसारखा धरतात. हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण त्यांनी मिशीवाला आचारी घेतला आहे. त्या खेळात एवढे आचारी पडले आहेत, अस्वल आहे, चष्मेवाली पोर आहे, घ्यायचा तो घ्या. मिशीवाला माझा. मांजर तू, मिशीवाला मी, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तुला एका शब्दाने सांगता आलं नाही तिला?

पहिला दिवस आठवतो का तुला? देवयानीने नव्या नोकरीच्या पगारातून तो डबा आणला, आठवडाभर खेळली आणि कंटाळली. दुपारी जेवणं उरकून तू खाली आलीस, मी पोरीला म्हटलं, ते लाव बघू काय ते. दोन आचारी, एक चूल, वर गिऱ्हाइकांच्या फर्माईशी लटकलेल्या. एकीने चिरायचं, एकीने शिजवायचं, ताटली पोचवायची, उष्टी ताटली परत आली की घासायची, आणि वर घड्याळ पळतं आहे. तू म्हणालीस, हे तर जन्मभर केलं. मी म्हटलं, हो, पण इथे नवरे मध्ये येत नाहीत. त्या पहिल्या दुपारी तू ताटल्या घेऊन नुसती भिंतीवर आपटत राहिलीस आणि मी चूल पेटवून दिली, म्हणजे सगळं स्वयंपाकघरच पेटवून दिलं. आपण इतक्या हसलो की सून धावत आली, तिला वाटलं कोणाला झटका आला.

त्यानंतर एक दुपार चुकली नाही. रिमोटला मी जुन्या पैठणीच्या तुकड्याची खोळ शिवली, कारण तू लोणच्याचा हात तसाच लावायचीस. एकदा माकडाने तुझा रिमोट उचलून समोरच्या गच्चीवर नेला आणि तू केळं दाखवून त्याच्याशी तासभर वाटाघाट केलीस. केळं त्याने घेतलं, रिमोट गल्लीत फेकला. त्यानंतर त्याचं एक बटण अडकायचं, आणि तू प्रत्येक हार त्या बटणावर ढकललीस. लाईट गेली की आपण अंधारात बसून भांडायचो, लाईट गेली नसती तर कोणामुळे हरलो असतो ते. सुशांत म्हणायचा, दोघी सत्तरीच्या झालात. मी म्हणायचे, सत्तरीच्या झालो म्हणून चूल विझवायची का.

आणि मासे. तुझं माहेर मालवणचं, हे मी विसरलेले नाही. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झाले, क्वार्टर सोडून तुम्ही आमच्याकडे वर राहायला आलात, तेव्हा माझ्या सासूबाईंनी जिन्यातच सांगितलं होतं की वर मासे शिजायचे नाहीत. तू नुसती मान हलवलीस. मग रविवारी तुम्ही नवरा-बायको रेल्वे कॉलनीतल्या मित्राकडे जायचात आणि संध्याकाळी बडीशेप चघळत जिना चढायचात. मला वास यायचा. मी कधी बोलले नाही, तूही कधी बोलली नाहीस. सासूबाई गेल्या तरी तो नियम तसाच राहिला. कोणी मोडा म्हटलं नाही, कोणी मोडला नाही.

होडीवर पहिला मासा आला तेव्हा मी रिमोट खाली ठेवला. म्हटलं, सकाळी घाटावर ज्यांना हाताने आट्याच्या गोळ्या घालते, त्यांना दुपारी चिरू? तू म्हणालीस, अगं, चित्रातला मासा आहे. मी म्हटलं, चित्रातल्या देवाला हात जोडतेस ना? त्यावर तू टोमॅटो चिरायला घेतलेस. मग आपण होडीवर फक्त टोमॅटोचं सार आणि पाव वाढत राहिलो. मासे मागणारे वर लटकून लटकून लाल व्हायचे आणि उपाशी निघून जायचे, आपले गुण कापले जायचे, वेळ संपल्यावर एक तारा हाती लागायचा नाही. मग पुन्हा तीच होडी. तू कधी म्हणाली नाहीस की अन्नपूर्णे, एकदाचा कापून टाकू. म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतंच, पण म्हणालीही नाहीस.

तू लेकाकडे गेल्यावर मी एकटीने खेळून पाहिलं. एकटं असलं की यंत्र दोन्ही आचारी आपल्याच हातात देतं. एकाला चिरायला उभं करायचं, बटण दाबायचं, दुसऱ्याला चुलीपाशी न्यायचं. जमतं. पण सार करपलं तर कोणाच्या नावाने बोटं मोडायची? मांजरीला म्हटलं, मेले, लक्ष कुठे आहे तुझं, तर मांजर उभीच. मला बाई ते बघवेना. मग देवयानीला बसवलं. ती इतकी भराभर करते की मी नुसती ताटली धरून उभी, लग्नात वरमाई उभी असते तशी. आणि माझ्या हातून ताटली पडली की म्हणते, असू दे आजी, काही होत नाही. कसं होत नाही? गिऱ्हाईक उपाशी गेलं. असू दे म्हणायला मी काय आजारी आहे?

लोक म्हणतात खेळात मजा येते. खेळात काही मजा नाही, पद्मे. पडद्यावरची ताटली पोचली काय, पडली काय. मजा येते ती शेजारचं माणूस आपल्यापेक्षा गाढव आहे हे रोज नव्याने कळण्यात. आणि त्यालाही आपल्याबद्दल तेच वाटतं आहे, हे दिसत असतं. तू मला कधी सूट दिली नाहीस, कधी समजून घेतलं नाहीस. माझा कांदा उशिरा आला तर तू म्हणायचीस, आंधळी झालीस का, की मुद्दाम करतेस? आणि कधी चुकून सगळ्या फर्माईशी पुऱ्या झाल्या, तर घड्याळ संपायच्या आधी तू माझ्या मांडीवर अशी थाप मारायचीस की दुसऱ्या दिवशी निळं दिसायचं. एकटीने जिंकलं तर ते निळं कुठून आणू?

म्हणून मी तो व्हिडिओ फोन कानाला लावून ऐकला. चित्र नाही, नुसता आवाज. तू तिला शिव्या देतेस का, ते ऐकायचं होतं. बकुळबाईंनी भरलेलं पातेलं पाण्यात पाडलं, सगळं वाहून गेलं. मी वाट बघत होते. आणि तू म्हणालीस, असू दे हो, होतं असं. देवयानी शेजारी होती, तिने विचारलं, आजी, हसलीस का? मी म्हटलं, खोकला आला. दिवसभर बरं वाटलं मला. दाताची कवळी दिसेपर्यंत हसतेस तिच्याबरोबर, सोफ्यावर टेकून बसतेस, माशांवर सुरी चालवतेस, सगळं कर. पण तिला अहो-जाहो करतेस अजून. आंधळी म्हणाली नाहीस. जे मला दिलंस ते दुसऱ्या कोणाला दिलेलं नाहीस.

तरी होडीची गोष्ट गळ्यात अडकलीच होती. तेव्हा ऐक, हे पत्र का लिहिलं ते. रविवारी मी देवयानीला म्हटलं, होडी लाव, तू चूल सांभाळ आणि मध्ये बोलू नकोस, मासा मी कापते. पहिल्याच्या वेळी डोळे मिटले, तर मिशीवाला थेट पाण्यात गेला. दुसरा उघड्या डोळ्यांनी कापला. मग कापतच गेले. तारे मिळाले, दार उघडलं. सोमवारी सकाळी घाटावर गोळ्या दुप्पट घातल्या आणि माशांना काही बोलले नाही. मी माफीबिफी मागत नाहीये. वरच्या खोल्यांत मासे आजही शिजणार नाहीत, टीव्हीवर शिजतील. तर आता मीही बर्फावर आहे. तिथलं तुला माहीतच आहे, बर्फ मधोमध दुभंगतो, चिरायचा ओटा एकीकडे राहतो आणि चूल दुसरीकडे, पलीकडे कोणी घ्यायला नसेल तर चिरलेलं हातात घेऊन उभं राहावं लागतं. देवयानी म्हणते, तुझा डबा आणि आमचा डबा इंटरनेटने जोडता येतो. तू नागपुरात चुलीपाशी उभी राहायचं, मी इथून चिरायचं, बोलणंही ऐकू येतं, म्हणजे भांडता येईल. तू हो म्हणालीस तर तिला सांगते डबा इथेच राहू दे, लखनौला दुसरा घे. नको म्हणालीस तर घेऊन जा म्हणेन, उगाच धूळ कशाला. हो असेल तर दुपारी, तुझी डुलकी झाली की. मांजर तुझी, मिशीवाला माझा. बकुळबाईंनी शेजारी बसून बघावं, चहा करून दिला तरी माझी हरकत नाही, रिमोटला हात लावू नये. आणि एकदा जरी मला असू दे म्हणालीस, तर तिथेच खेळ बंद. उत्तर कागदावर हवं, तुझ्या हातचं. मधुराने फोनवर टाईप करायचं नाही, बकुळबाईंनी शुद्धलेखन तपासायचं नाही. तू लिही.

तुझीच, नागपूरकर काही म्हणोत,
अन्नपूर्णा