तासाला एक तृतीयांश

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. गुडघे आहेत तसेच आहेत, ते विचारू नकोस.

आमच्या यीस्टच्या कारखान्यात तीन टाक्या फुकट गेल्या. यीस्ट सोळापट व्हायच्या आत दुसऱ्या पाळीच्या काटकुळ्याने टाक्या उघडल्या म्हणून साहेबांनी त्याला घरी बसवलंय. तो म्हणतो, यंत्राची घंटा वाजली. सोळापट झालं की घंटा देणारं ते नवं यंत्र मीच लावलं. त्याला आमची 'दुप्पट' कळत नाही, कसल्याशा e च्या हिशेबात वाढीचा दर लागतो. तीन तासांत दुप्पट, म्हणून मी तासाला एक तृतीयांश भरलं. यंत्र बिघडलंय का, बघ. तुझं गणित आजवर घरात कुणाच्या कामी आलं नाही, निदान बहिणीच्या तरी येऊ दे.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.
तुझी अक्का

ता. ९ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. उत्तरपत्रिकांचा ढीग बाजूला सारून लिहितोय. आठवडाभर तेच तपासून डोळ्यांची वाट लागलीय.

यंत्र ठणठणीत आहे. e च्या हिशेबात वाढ क्षणाक्षणाला होते आणि झालेली वाढही पुन्हा वाढते. त्यामुळे तुझ्या एक तृतीयांशाने तीन तासांत दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते. दोन हा आकडा e चा घात म्हणून लिहायचा तर दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, ०.६९३. त्याला तीनने भाग, दर येतो ०.२३१. सोळापटीला बारा तास लागतात, तुझी घंटा सव्वाआठ तासांतच वाजत होती.

चूक तुझी, पण कुणाला कळणार नाही. आकडा गुपचूप बदल. निवृत्तीला पाच महिने उरलेत, उगाच कशाला अंगावर घेतेस?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आकडा बदलला, टाकी दाट निघाली. तुझं ऐकून गप्प बसले होते. खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. पहिल्या टाकीच्या वेळी काटकुळ्या दोनदा विचारायला आला होता की फेस पातळ दिसतोय, थांबू का. मी वैतागून त्याला म्हटलं, यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याने हे साहेबांना सांगितलंच नाही.

काल तो माफीनामा घेऊन आला. मी घाई केली, माझ्यामुळे नुकसान झालं, एवढंच त्यात होतं. अक्का, तुमचं अक्षर चांगलं आहे, स्वच्छ उतरवून द्या, म्हणाला. दोन लेकरांचा बाप, माझ्यासमोर हात बांधून उभा होता. मला फार लाज वाटली.

मी त्याचा शब्द न् शब्द तसाच उतरवला. खाली सही माझी केली आणि कागद साहेबांना नेऊन दिला. उद्यापासून तो कामावर आहे, मी घरी.

थकलेय रे. रागावलास तरी चालेल, पण लिहीत राहा.
तुझी अक्का