लगद्याची बादली

४ मार्च

शी! कोपरापर्यंत हात बरबटलेत. तीनदा साबण लावला तरी नखांतला शाईचा वास हटत नाही.

आजीला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. काकूच्या सुपीक डोक्यातून निघालं — कार्यक्रमाला येईल त्याला आजी करायची तसा कागदी लगद्याचा वाडगा द्यायचा. "त्यांची कला घराघरांत पोचली पाहिजे!" पोचवणार कोण? मी. "तुझा हात अगदी त्यांच्यासारखा आहे गं." सांगणाऱ्याचं काय जातंय! आजी होती तेव्हा हीच काकू तिच्या खोलीवरून नाक दाबून जायची.

रद्दी फाडून भिजत घातली. आजीच्याच खोलीत. दुसरीकडे कोण ठेवू देणार?

८ मार्च

पाण्यावर करडी साय धरलीय. मधूनच बुडबुडा फुटतो. हात घालवेना. घातला. ओकारी आली.

आजीची बादली तर पंधरा-पंधरा दिवस तशीच असायची. म्हातारीला नाक होतं की नाही!

९ मार्च

काका टेप घेऊन खोली मोजायला आला. कार्यक्रम उरकला की इथे त्याचं ऑफिस. आजी असताना कधी दोन मिनिटं टेकला नाही, आता आयत्या बिळावर नागोबा! मी म्हटलं, खोली मला हवीय. हसला. "तुला हॉलमधला दिवाण आहे की."

आहे ना! यांचा टीव्ही बंद झाला की झोपायचं, यांच्या पहिल्या चहाला उठायचं, कपडे बदलायला बाथरूम. बत्तिसाव्या वर्षी.

मग त्याच्या नाकात वास गेला. "काय मेलंय इथे?" एकच भिंत मोजून पळाला. टेप मागे फरफटत.

११ मार्च

पाच वाडगे झाले. सगळे तिरके. आजीचेही तिरकेच असायचे, पण आता ते बोलायचं नाही. आता ती कला आहे.

या दाराला कडी नाही, स्क्रूची नुसती भोकं. लोटलं तरी आपोआप उघडतं. तरी दिवसभर इकडे कोणी फिरकलं नाही. अख्खं पान एका बैठकीत लिहिलं. हॉलमध्ये कधी जमत नाही.

२ एप्रिल

कार्यक्रम झाला एकदाचा. वीट आला!

काकू वाडगा छातीशी धरून रडली. मग डोळे पुसून व्हिडिओ काढणाऱ्याला म्हणाली, "आवाज नीट आला का? नाहीतर परत घेऊ." परत घेतलं. परत रडली! दुसऱ्यांदा जास्त चांगली.

पाहुणे गेल्यावर आवरायला लागले. निम्मे वाडगे खुर्च्यांखालीच. एकात मोसंबीच्या साली, एकात चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा. ही म्हणे आठवण! मला आजीसाठी रडू आलं, आणि ह्यांच्यासमोर आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

वर काकाची ऑर्डर — "परवा रंगारी येतोय. आधी ती घाण फेक."

३ एप्रिल

बादली उचलायला गेले. आई दारात उभी होती. मी म्हटलं, आजी कसं सहन करायची गं हे?

"सहन कसलं? त्यांना तर मळमळायचं. लगदा दोन दिवसांत होतो. पुढे त्या मुद्दाम ठेवायच्या."

मुद्दाम?

"आत पडल्याबिडल्या तर, म्हणून भाऊजींनी कडी काढून टाकली ना. मग काय, कोणीही कधीही आत! त्या कपडे बदलत असल्या तरी. बोलून दमल्या बिचाऱ्या. मग बादली आणली."

आईने बादलीकडे पाहिलं. नाकाला रुमाल लावला, आणि चक्क हसली.

४ एप्रिल

रंगारी दारातूनच परत गेला. जुनी बादली आहे तिथेच आहे. शेजारी दुसरी भिजत घातलीय, झाकण न ठेवता.

काका ओरडतोय. हॉलमधूनच.