दाढ काढली, भूकंप झाला

९ फेब्रु., सोमवार
मलकापूरला जाऊन अक्कलदाढ काढून आले. अर्धा गाल सुन्न, सूज टोमॅटोएवढी. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बोलायचं नाही. येताना एसटीत फोन बंद पडला, घरी येऊन तशीच झोपले. शुक्रवारी ग्रामपंचायतीत सरपंच कुसुमताईवर अविश्वास ठराव आहे. माझ्या एका मतावर अडलंय म्हणे. अडायचं काय त्यात? मी तिच्यासोबतच आहे. आमच्या बौद्धवाड्यापर्यंत नळ तिनंच भांडून आणला.

१० फेब्रु., मंगळवार
बापा रे!!
शेजारची शोभा धावत आली, फोन नाकापुढं धरला. स्टँडवरचा मोबाइल दुकानवाला गजू मोबाइलवरच न्यूज चॅनल चालवतो. त्यावर मी! फोटोभोवती लाल गोल, मागं आगीच्या ज्वाळा. 'सदस्या सुनंदाताई नॉट रिचेबल! गावच्या राजकारणात भूकंप! मलकापुरात गुप्त बैठक, सूत्रांची माहिती.'
गुप्त बैठक! मी खुर्चीत आ वासून पडलेली अन् डॉक्टरच्या हातात पकड. एवढीच बैठक.
शोभा म्हणे, "खरं हाय का वं?" बोलता येईना, नुसते हात हलवले. ती बाहेर जाऊन सांगते, "काईच बोलून नाई राह्यली बा थे."
संध्याकाळी नवीन बातमी : 'सुनंदाताईंचं सूचक मौन! चर्चांना उधाण!'
चार घोट पाणी पिऊन पडून राहिले.

११ फेब्रु., बुधवार
ठराव आणणारे वसंतराव सकाळीच घरी. हातात पेढे. "वहिनी, तुमचा निर्णय ऐतिहासिक हाय."
कोणता निर्णय? म्हटलं, "भाऊ, मी ताईच्या संग हाओ."
"समजलो. सध्या असंच बोलत राहा." डोळा मारला अन् गेले! सांगावं तरी कसं माणसाला?

रेशन दुकानात कुसुमताई दिसली. हाक मारली. माझ्याकडं पाहून पदर सावरला अन् चालू लागली. निवडून आल्यापासून एका सतरंजीवर बसतो, एका डब्यात खातो. लोकांसमोर रडू आलं, गालावर हात ठेवला. दाढ दुखते वाटलं असेल सगळ्यांना.

नंतर — हे लिहू की नको.
म्हशीला पाणी द्यायला गोठ्यात गेले तर आतून यांचा आवाज. फोनवर. "हाव, नाराज हाय थे. लय नाराज. माह्यं नाव नको टाकू बे गजू, सूत्र म्हन."
बादली सुटली हातातून. सूत्र माझा नवरा!
"तुमी?"
"अवं, म्या आधी खरंच सांगतलं, दाढ काढाले गेली म्हनून. थो म्हने याची बातमी नाई होत. मंग..."
"मंग काय?"
खाली पाहून म्हणाले, "सारे मले चाय पाजून राह्यले, सुनंदा. जवळ बसवतात, इचारतात. एरवी मी मेंबरबाईचा नवरा."
बावीस वर्षांचा संसार. बादली उचलली, म्हशीला पाणी पाजलं. जेवले नाही. तेही जेवले नाहीत.

१२ फेब्रु., गुरुवार
गजूच्या दुकानात गेले. "लाव तुहा कॅमेरा." सरळ बोलले. दाढ काढली. बैठक झाली नाही. मी उद्या ठरावाच्या बाजूनं मत देणार नाही.
तासाभरात : 'सुनंदाताईंचा गौप्यस्फोट! दाढेआड दडलंय काय?' अन् माझं बोलणं 'मत देणार' इथपर्यंतच. 'नाही' कापलं! पुढं ढोल.
परत गेले. म्हटलं, माझं 'नाही' कुठं गेलं?
"वैनी, व्हिडिओ लांबला का लोक पाहत नाईत."
एका शब्दानं लांबला? लोक उभे होते, हसत होते. मी आले निघून.

दुपारी कुसुमताईच्या घरी. हरभरा निवडत बसलेली. मान वर केली नाही.
"ताई, माह्या तोंडचं कापलं त्यानं."
"सकाळपासून सारे सांगून राह्यले, सुनंदा फुटली. तू एकटीच म्हनतं, नाई फुटली."
"मंग मी एकटी खोटी काय?"
सुपातला खडा उचलून फेकला. मग माझ्या गालाकडं पाहिलं. "दुखते काय अजून?"
"दुखते."
"गरम पानी घे मिठाचं."
उठताना म्हटलं, "उद्या माह्या घराहून या. संगंच जाऊ." ना 'हो' म्हणाली, ना 'नाही'.

१३ फेब्रु., शुक्रवार
अकराला बैठक. तहसीलदार येणार. लुगडं नेसून तयार आहे, बसल्या बसल्या लिहितेय.
गजू आमच्या फाटकासमोर काठीला मोबाइल बांधून उभा. ताई आली तर 'दोघींचं गूढ मनोमिलन', नाही आली तर 'उभी फूट'. आतूनच ऐकू येतंय, मोठ्यानं सराव करतोय.
हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात. "बाइट मांगली तं काय सांगू?"
"काईच नका सांगू."
"मंग थो मनानंच लिहीन."
तेही खरं. काय करावं माणसानं?
आत येऊन टेकले. हळूच म्हणाले, "म्या जाऊन सांगू काय ताईले? का थे सूत्र मीच होतो?"
पाहतच राहिले त्यांच्याकडं. एवढी हिंमत यांच्यात? की हीपण गजूच्या बातमीसाठीच? ओळखू येईना मला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.
साडेदहा झाले. ताई अजून —
कडी वाजली. हे उठले. म्हटलं, बसा तुमी. मी उघडते.