अमामीची नामी

अमामी ओशिमा,
बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रिय राजीव,

सप्रेम नमस्कार लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसतंच विचारते, कसा आहेस? वेळेवर जेवतोस ना? आमटी संपली असेल तर कोन्बिनीच्या दुकानातल्या ओनिगिरीवर, त्या भाताच्या गोळ्यांवर राहू नकोस, डाळ-तांदूळ कुठे असतात ते एवढ्या वर्षांत तुला कळलं असेलच. आणि शनिवारी प्लास्टिकचा कचरा आहे, बाटल्यांचा नव्हे. मागच्या वेळी शेजारच्या सातो-सान पिशवी परत घेऊन आल्या होत्या, आठवतंय ना?

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. आपल्या लेकीचं, शिवानीचं नाव काढलं की तुझा फोन कट होतो. कागद तसा कट करता येत नाही. रविवारी मी घरी पोचायच्या आत एवढं शेवटपर्यंत वाच.

जपानच्या टोकाचं हे बेट तुला आवडेल. किनाऱ्याला आपल्या केवड्यासारखी झाडं, मागे ऊस, आणि त्या उसाचा काळा गूळ. रोज चहाबरोबर मी एक खडा तोंडात टाकते. डॉक्टरांना सांगू नकोस.

शिवानी गेस्टहाउसवर सकाळचा नाश्ता बनवते आणि दुपारी लहान मुलांना सर्फिंग शिकवते, हे तुला माहीतच आहे. तिच्या आवडीच्या जागा तिने मला दाखवल्या. पहिली गावासमोरची. तळाला वाळू, लाटा गरीब. तिथे तिने मला चक्क फळीवर पालथं घातलं! "आई, दाइजोबु, काही होत नाही! उठू नकोस, नुसती पडून राहा," म्हणाली आणि दिलं ढकलून. जन्मभर पोळ्या लाटल्या, पण लाट म्हणजे काय ते या वयात कळलं. नाकातोंडात पाणी गेलं, तरी किनाऱ्यापर्यंत पोचले बरं का!

दुसरी जागा खडकांवरची. तिथे फक्त पूर्ण भरतीला जायचं, पाणी उतरलं की खालचं प्रवाळ सुरीसारखं कापतं. तिच्या पोटरीवर व्रण आहे. तो ती कौतुकाने दाखवत होती.

तुझं म्हणणं मी विसरलेले नाही. "समजूत घाल आणि घेऊन ये, परतीची दोन तिकिटं काढली आहेत." पहिल्याच दिवशी मी विषय काढला. ती उठून भांडी घासायला गेली.

काल फळीला मेण घासता घासता आपण होऊन म्हणाली, "आई, ऑफिसला निघायचे ना, तेव्हा मी स्टेशनवर गाड्या सोडत उभी राहायचे. एक जाऊ दे, दुसरी जाऊ दे. पायच उचलायचा नाही. मग बाथरूममध्ये रडायचे, तोंड धुवायचे आणि जायचे."

आपल्याला वाटत होतं, पोरीला चांगली नोकरी पचली नाही. मला फार वाईट वाटलं, राजीव.

इथेही ती सोडते, पण लाटा. फळीवर निवांत बसते, एक जाऊ देते, दुसरी जाऊ देते, शेजारच्याला "दोझो", म्हणजे तू घे, म्हणते. मग हवी ती आली की अशी उठते की बघत राहावं. मी किनाऱ्यावर उभी राहून रडले. आपली हसरी शिवानी किती दिवसांनी दिसली मला.

आता तिसरी जागा. उसाच्या शेतामागून पायवाट जाते. ती जागा ती कुणाला सांगत नाही, सर्फिंगवाल्यांचा तसा रिवाजच आहे म्हणे. मी विचारलं, "हिचं नाव काय?"

"नामी," ती म्हणाली.

तुला चिबाचा किनारा आठवतो? ती चार वर्षांची, पाळणाघरात नुकतीच जपानी शिकलेली. समुद्र बघून "नामी! नामी!" ओरडत सुटली. जपानीत लाटेला नामी म्हणतात हे तुला कुठे ठाऊक होतं? तुला वाटलं, पोरीला समुद्र पसंत पडला. "नामीच आहे, पिल्लू! एकदम नामी!" म्हणत तू तिला खांद्यावर घेतलंस आणि कपड्यांसकट पाण्यात शिरलास. तेव्हापासून आपल्याकडे पोहे नामी, चित्रं नामी, मार्क नामी. ती घर सोडून इथे आल्यापासून मात्र हा शब्द मी घरात ऐकलेला नाही.

"इथल्या मित्रांना वाटतं, हिने लाटेला लाटच नाव ठेवलं," ती हसून म्हणाली. "पण हे बाबाचं नामी आहे."

पायवाटेने परतताना तिने विचारलं, "बाबा येईल?" मी म्हटलं, "विचारते."

म्हणून आता स्पष्टच लिहिते. रविवारच्या विमानात मी एकटी असेन. दुसरं तिकीट मीच रद्द केलं, तिने सांगितलं नव्हतं. रागवायचं तर माझ्यावर रागाव. दिवाळीला आपण दोघं इथे येऊ. उटणं मी घेईन, पहिली अंघोळ समुद्रात. तुला उभं राहायला कुणी सांगणार नाही. फळीवर नुसतं पडून राहायचं, आणि तेवढं तुला उत्तम जमतं.

या पत्राचं उत्तर मला नको, तिला पाठव. लांबलचक लिहू नकोस, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. एकच शब्द पाठव. कुठला, ते तुला ठाऊक आहे.

तुझी आणि तिचीही,
मंजुषा