दुकान नसलेली वाट

३ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. बालवाडीत शिकवून शिकवून तुम्ही आम्हालाही रांगेत उभं करता, त्यामुळे सगळ्या सूचना घडी घालून ठेवल्या आहेत.

फोन का करत नाही, असं विचारलंत. दोन खोल्यांच्या घरात कितीही हळू बोललं तरी ह्यांना कळतं की विषय आपलाच आहे, आणि मग हे न गळणारा नळ दुरुस्त करायला बसतात. त्यापेक्षा चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना भिंगं घासायच्या मशीनशेजारी बसून लिहिलेलं बरं. तुम्ही मला भिंगाबाई म्हणता ते अगदीच खोटं नाही.

ह्यांचं ठीक आहे. दारू सोडल्याला वर्ष होत आलं. साहेबांनी पुन्हा दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं काम दिलंय, म्हणजे विश्वास बसला म्हणायचा. अडचण आहे ती घरी यायच्या रस्त्याची. बसथांब्यापासून घरापर्यंत मोठ्या रस्त्यावर आता दारूचीच दुकानं झालीत. औषधवाला गेला, वह्या-पुस्तकांचं दुकान गेलं. डोकं दुखलं तर गोळी मिळत नाही, डोकं दुखवून घ्यायची सोय मात्र दारोदार. म्हणून हे मागच्या गल्लीनं, लाँड्री आणि छापखान्याच्या मधून यायचे. तर गेल्या आठवड्यात तिथल्या गादीवाल्यानं गाशा गुंडाळला आणि निळ्या दिव्यांची पाटी लागली. आता हे एक थांबा आधी उतरतात आणि शाळेच्या भिंतीकडेनं, मैदान ओलांडून येतात. मैदानात फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात. पोरं तिथं खेळायची, ती आता येत नाहीत.

भाचीच्या स्थळाचं सविस्तर कळवा. आमच्यावरचा लोभ, सूचनांसकट, असाच राहू द्या.

तुमची,
भिंगाबाई


११ मार्च

चि. सौ. भिंगाबाईस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. चाळिशी उलटलेला माणूस दुकान दिसू नये म्हणून मैदानं ओलांडतो! दुकानं काय हात धरून आत ओढतात? आमच्या शाळेसमोर चॉकलेटवाला उभा असतो, तरी माझी चार वर्षांची पोरं रांग मोडत नाहीत. मन घट्ट हवं. मी साखर सोडली ती एका दिवसात. आमचे हे अजून चुकून माझा चहा उचलतात आणि तोंड वाकडं करतात.

रागावू नकोस. तो माझा पाठचा भाऊ आहे. लहानपणी कुत्रं दिसलं की वळसा घालून शाळेत जायचा आणि उशीर झाला म्हणून छडी खायचा. मी म्हणायची, कुत्र्यापेक्षा छडी जास्त लागते. त्याला पटायचं नाही.

लेकीचं जवळजवळ ठरलं. मंडळी सरळ वाटतात. त्यांनी मामाची चौकशी केली, तेव्हा मागचं आजारपण म्हणजे कावीळ होती, असं मी सांगितलंय. तुम्हीही तेच धरून चला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याला सांग, ताईनं पाठीत धपाटा घातलाय. तोही मायेचाच समज.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

धपाटा पोचवला. हे हसले. मला मात्र हसू आलं नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

हात धरून ओढतात का, असं तुम्ही विचारलंत. ओढतात, ताई. जुने सोबती दारातच उभे असतात. लिफ्टवाले, आज वर जायचं का, असं ओरडतात आणि सगळे खिदळतात. साखर तुम्हाला नावानं हाक मारत नाही. आणि एक दुकान असतं तर मान वळवून पुढं जाता आलं असतं. एकाकडे पाठ करावी तर तोंड दुसऱ्याकडे होतं.

शिवाय त्रास काय पिणाऱ्यालाच आहे? लाँड्रीवाल्या मावशींच्या दारात भांडण जुंपलं, सोडवायला गेल्या तर त्यांचंच मनगट मोडलं. तेव्हापासून दिवेलागणीआधीच दार लावून घेतात. आमच्याकडे सोमवारी सकाळी वाकड्या काड्यांचे, फुटक्या काचांचे चष्मे येतात. दारावर आपटलो, असं सगळे सांगतात. या गावातली दारं फारच मारकुटी निघाली.

आता मुख्य गोष्ट. आमच्याच इमारतीत खाली शिंप्याचं दुकान होतं ना, तिथं बसून प्यायची सोय असलेलं दुकान येतंय. शटरवर नोटीस लागली आहे, हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं म्हणून. आमचा जिना त्या शटरला लागूनच. सगळ्या रस्त्यांना वळसा घालता येतो, आपल्याच जिन्याला कसा घालायचा?

ह्यांनी नोटीस वाचली. वर येऊन दाराच्या बिजागरीला तेल घालत बसले, ती आधीच लोण्यासारखी फिरते.

मी परवाना कार्यालयात जाऊन आले. तिथले बाबू फार सभ्य. त्यांनी समजावलं की प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासतात. जागा नियमात बसते का, कागद पुरे आहेत का, एवढंच बघायचं. मी विचारलं, आसपास आधीच किती आहेत ते कोण बघतं? त्यांनी बराच विचार करून सांगितलं की अर्जात तसा रकानाच नाही. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंत आवाज तरी करते.

तुमच्याकडून धीराचं एखादं वाक्य आलं तर बरं वाटेल. तेवढा हक्क सांगते.

तुमची,
भिंगाबाई


९ एप्रिल

चि. सौ. भिंगाबाईस,
अ. आ.

वाचून जीव खालीवर झाला. सुनावणीला जरूर जा. शाळा जवळ आहे, गोंगाट होतो, बायकांना जिन्यातून जाता-येता भीती वाटते, असं सगळं ठासून सांग. फक्त त्याचं नाव काढू नकोस. बैठक अगदी तोंडावर आली आहे आणि व्याह्यांचे एक चुलतभाऊ तुमच्याच गावात असतात. एकदा लेकीचं पार पडू दे, मग मी स्वतः येऊन त्या बाबूंना कोपऱ्यात उभं करते.

त्याला जप. तूही वेळेवर जेव. तू काळजीत जेवत नाहीस, हे मला न सांगता कळतं. माया आहे म्हणून बोलते, गोड मानून घे.

तुझी,
ताई


३० एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचण्याआधी बसून घ्या.

सुनावणी झाली. लाँड्रीवाल्या मावशी हाताला पट्टा बांधून आल्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या, छापखानेवाले होते. मी तुम्ही सांगितलंत तसंच बोलले, गोंगाट, शाळा, जिना. समोरच्या अधिकारीबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या की अशा हरकती प्रत्येक वेळी येतात. या दुकानामुळे नेमकं कुणाचं काय बिघडणार आहे, ते कुणी सांगेल का? मी जमिनीकडे बघत होते.

तेव्हा मागून हे उठले. कामावरून आलेले मला कळलंच नव्हतं. अंगात तेलकट डगला, हातात टोपी. सांगितलं की मी दारुडा आहे. सध्या पीत नाही, पण आहे. म्हणाले, रोज घरी जायला मी दुकान नसलेली वाट शोधतो, तुम्ही परवाने देता आणि माझी वाट लांबत जाते. आता शेवटचं दुकान माझ्या जिन्याखाली येतंय. मी माणसं भरलेल्या लिफ्टचे दोर तपासतो, माझा हात थरथरला तर एकट्या माझं बिघडणार नाही. आवाज चढवला नाही. मग उभंच राहायचं की बसायचं ते त्यांना कळेना.

बाई चांगल्या होत्या, ताई, त्याचाच जास्त राग येतो. त्यांनी ह्यांचं कौतुक केलं, प्रकृतीला जपा म्हणाल्या. आणि एकाच्या वैयक्तिक दुबळेपणासाठी दुसऱ्याचा धंदा अडवता येत नाही, असं सांगून परवाना मंजूर केला. दुकान तासभर लवकर बंद करायची अट घातली. जणू उपकारच केले.

आता सगळ्या इमारतीला ठाऊक झालंय. समोरच्या काकू जिन्यात मला आधी वाट देतात, घरात कुणी गेल्यासारखी. व्याह्यांच्या चुलतभावांपर्यंतही पोचलं असणार. तुमची मूठ आम्ही उघडली. मला ते उठणार हे माहीत नव्हतं. पण खरं सांगते, माहीत असतं तरी मी त्यांना खाली ओढून बसवलं नसतं.

रागावलात तरी पत्र बंद करू नका. रागाचं पत्रही चालेल.

तुमची,
भिंगाबाई


२४ मे

चि. सौ. भिंगाबाईस,
अ. आ.

रागावले होते. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र परत घेता येत नाही, हे मी मुलांना नाही तरी त्यांच्या आयांना शिकवते.

व्याही येऊन बसले आणि कावीळ बरी झाली का, असं विचारलं. मी पदराशी चाळा करत होते, तेवढ्यात लेकीनंच सांगून टाकलं की कावीळ नव्हती, मामा प्यायचा आणि आता पीत नाही. ते चहा अर्धा टाकून उठले. कळवतो म्हणाले, अजून कळवलेलं नाही. मी तिच्यावर ओरडले तर ती म्हणाली, त्यांना कळवायचं नसेल तर मलाही विचारायचं नाही. मामावर गेली आहे.

मग मनात आलं की तुम्हा दोघांना इकडेच बोलवावं. इथंही लिफ्टा आहेत, चष्मेही घालतात लोक. तुम्हाला लिहिण्याआधी म्हटलं, बसस्थानकापासून आपल्या घरापर्यंत एकदा त्याच्या नजरेनं चालून बघू. मी या रस्त्यानं वर्षानुवर्षं जाते गं. स्थानकाच्या दारातच एक. पुढं बँकेजवळ समोरासमोर दोन. भाजीवालीच्या मागं एक, तिथं मी रोज उभी असते. आणि माझ्या बालवाडीच्या कुंपणाला टेकून एक, ज्याचा वास येतो म्हणून मी पालिकेकडे गटाराची तक्रार केली होती! मला फक्त चॉकलेटवाला दिसत होता. घरी येऊन मी आडवी झाले.

तरीही या. आमच्या मागच्या दारानं एक वाट आहे, विहिरीकडून. सध्या तरी तिथं काही नाही. माझं घट्ट मन तिथं उभं करीन. तुमच्यावर जीव आहे, तो रागात जरा दिसेनासा झाला होता, एवढंच.

तुझी,
ताई


१८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिनं मला वाचायला दिलं. आजवर माझ्याबद्दल तुम्हीच दोघी लिहीत आलात, म्हटलं एकदा मीही लिहावं. अक्षर लागलं नाही तर लेकीकडून वाचून घे. तिला सांग, मामा तिचा कायमचा ऋणी आहे, आणि त्या मंडळींनी नकार दिला तर मी येऊन त्यांच्या लिफ्टला नावं ठेवीन.

खालचं दुकान सुरू झालं. दुसऱ्याच संध्याकाळी मी आत गेलो. ही तुला सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. कुणी ओढलं नाही. जिन्याचा दिवा गेला होता, दुकानातला लागला होता. एवढंच कारण, याहून मोठं शोधलं तर सापडत नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की आज मला खड्ड्यात उतरवू नका. त्यांनी मला महिनाभर गोदामात टाकलं. काढलं नाही. तिथं सुट्या भागांवरची धूळ पुसतो. ही आता रोज थांब्यावर येऊन उभी राहते आणि आम्ही जिन्यापर्यंत बोलत येतो. ती काय बोलते ते मला अर्धं कळत नाही, पण पाय वर चढतात. त्या दिवसापासून पुन्हा बंद आहे. किती टिकेल ते विचारू नकोस, मीही विचारत नाही.

तुझ्याकडे यायचं म्हणतेस. मन भरून आलं. पण विहिरीकडची वाट किती दिवस रिकामी राहील? तिथं पाटी लागली की पुढचं गाव शोधायचं का? मला वळसे घालायचा कंटाळा आला, ताई.

इथं औषधवाल्याच्या रिकाम्या गाळ्यावर नवी नोटीस लागली आहे. येत्या गुरुवारी सुनावणी. मुख्याध्यापिका म्हणतात की या वेळी एका दुकानावर बोलायचंच नाही, आहेत तेवढी आधी एकत्र बघा आणि मग पुढचा कागद हातात घ्या, इतकंच मागायचं. बाबूंनी आधीच कळवलंय की तसा रकाना नाही. हेही मंजूर होईल, असं मला वाटतं. राग गिळून गिळून आता पोटात जागा उरली नाही.

पण काल समोरच्या काकू घरी आल्या. पाण्याचा पेला हातात धरून म्हणाल्या की त्यांच्या थोरल्याबद्दल त्यांना बोलायचंय, पण सगळ्यांसमोर पहिलं उठायला धीर होत नाही. आज छापखानेवाल्यांनी जिन्यात गाठून तेच सांगितलं, स्वतःबद्दल. मी दोघांनाही म्हटलं, तुम्ही माझ्यानंतर उठा. मी सुरुवात करतो. मला आता लपवायला काही उरलेलं नाही.

कळावे. लोभ आहेच. त्यातली काळजी थोडी कमी करून उरलेल्या जागेत तोच वाढवावा.

तुझा,
धाकटा